घानाची लक्ष्मी रोह्याला जाते

"नोट अशी सांभाळावी, की नोटेलाही कळू नये आपण कुणाच्या घरात आहोत!"

हे शरदरावांचं ठरलेलं वाक्य. येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, कुरिअरवाल्यालासुद्धा! पेणच्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर गडी आफ्रिकेच्या मागे लागला. म्हणजे तिकडे गेला नाही हो. त्यांची मजल वडखळच्या पुढे क्वचितच. पण गोरा साहेब गेल्यावर तिकडच्या नव्या देशांनी ज्या पहिल्यावहिल्या नोटा छापल्या, त्या जमवायचा त्यांना नाद. फायलीत घाना होता, गिनी होता, युगांडा होता. नव्हता फक्त झांबिया! फायलीतला तो रिकामा कप्पा त्यांना जेवतानाही डोळ्यांसमोर दिसायचा, आणि मग ते आमटीत मीठ आहे की नाही तेही सांगू शकायचे नाहीत.

झांबियाचा पाउंड होता रोह्यात, हैबतरावांकडे. हैबतराव कंपनीतून रिटायर झालेले, याच रोगाचे रोगी. त्यांना हवा होता घानाचा पाउंड. शरदरावांकडे घानाचे दोन होते, दोन्ही कोरे करकरीत. ठरलं! पाडव्याला शरदरावांनी रोह्याला जायचं, घाना द्यायचा, झांबिया आणायचा. त्यासाठी एक घाना त्यांनी आदल्या दिवशीच टेबलावर वेगळा काढून ठेवला. इथेच घोळ झाला.

आदला दिवस लक्ष्मीपूजनाचा. शरदराव झेंडूची फुलं घेऊन बाजारातून आले आणि चौरंगासमोर खिळून उभे राहिले. केरसुणी, लाह्या, बत्तासे, आणि मधोमध घानाचा पाउंड! त्यावर त्यांच्या पत्नी वृंदाताईंनी पाचही बोटांनी हळदकुंकू वाहिलेलं. वर ओल्या अक्षता!

"वृंदा! अगं, हे काय केलंस?"

"पूजा केली. ओरडता काय?"

"ही नोट आहे घानाची!"

"मग? एटीएम कोरडं पडलंय. घरात रोख म्हणून एक नोट नाही, सगळं तुमच्या त्या मोबाइलवर. पुजू काय, क्यूआर कोड?"

"अगं, पण ती परदेशी..."

"लक्ष्मीला कुणी गाव विचारतं का? नमस्कार करा आधी!"

केला बिचाऱ्यांनी. मग नोट घेऊन खोलीत पळाले. कापसाने पुसली, कुंकू पसरलं. पावाच्या मऊ गोळ्याने पुसली, आणखी पसरलं. नोटेवर बँकेची ऐटदार इमारत होती, तिला आता आग लागलेली दिसत होती!

सरळ मार्ग होता: दुसरी कोरी नोट हैबतरावांना द्यायची, ही आपण ठेवायची. पण नाही! मन म्हणालं, शरद, तुझ्या फायलीत डाग? छे! नोट मुळातच तांबूस. त्यात कुंकू कुणाला कळतंय? हैबतराव भोळा माणूस. नोट प्लास्टिकच्या पाकिटात गेली, पाकीट लिफाफ्यात, आणि लिफाफ्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी.

सकाळी रोह्याची एसटी. वडखळला ट्रॅफिक तुंबलेलं, आणि शरदरावांचा एकच उद्योग. लिफाफा खिशात घालत, काढत, हुंगत. हळदीचा वास येतोय की काय? शेजारच्या बाईंना राहवेना.

"काका, कोर्टाची तारीख हाय का?"

"नाही हो, पाडव्याला कोर्ट असतं का कुठे?"

"मग एवढं कावरंबावरं कशाला व्हायचं? लाडू खा," म्हणत बाईंनी रव्याचा लाडू हातावर ठेवला. शरदरावांनी तो दोन गावं जाईपर्यंत नुसता धरून ठेवला.

हैबतरावांकडे पोचले तर दिवसाढवळ्या खिडक्या बंद! बरंच झालं की, शरदरावांना हायसं वाटलं. हैबतरावांच्या पत्नी कृष्णाबाईंनी फराळ आणला. "खावा हो सर, चकली घरचीच हाय."

चकली कुठली गोड लागायला! त्यांनी लिफाफा पुढे सरकवला. "हैबतराव, एक सांगतो. लगेच उघडू नका. उजेडाने रंग उडतो."

"नाय, नाय! उघडायचं कशाला? तुमच्यावर इस्वास हाय." हैबतरावांनीही लिफाफा पुढे केला. त्यालाही चिकटपट्टी. "तुमीबी हितं उघडू नका. घाम लागतो हाताला."

"छे छे! विश्वास म्हणजे विश्वास!"

केवढा सज्जन माणूस! शरदरावांना भरून आलं. वाटलं, सांगून टाकावं. सांगितलं मात्र नाही. चहा अर्धा टाकून स्टँड गाठला.

घरी येताच दार लावलं, दिवा जवळ ओढला, कात्री चालवली. झांबिया! आला एकदाचा! तोच पाउंड, चित्रात पाहिलेला तोच चिमुकला पक्षी. आणि पक्ष्याच्या कपाळावर हळदीचं हे एवढं बोट! पंखांवर कुंकू. पायाशी अक्षतांचा एक दाणा, चांगला घट्ट चिकटलेला!

"फसवलं! त्या लबाडाने मला फसवलं!"

तेवढ्यात फोन वाजला. हैबतराव! पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"सर... पेणलापन एटीएम बंद होतं व्हय?"

शरदरावांनी फोन ठेवला आणि मटकन खुर्चीत बसले. रागवायचं तरी कोणत्या तोंडाने?

वृंदाताई आल्या, नोट उचलून पाहिली, डोळ्यांना लावली. "अगंबाई! आपली लेक हळदकुंकू लावून रोह्याला धाडली, तिकडची लेक हळदकुंकू लावून सून म्हणून आली. रुसलेल्या जावयासारखं तोंड पाडून काय बसलात?"

मग त्यांनी झांबिया फायलीच्या रिकाम्या कप्प्यात नाही, थेट देवघरात ठेवला. म्हणाल्या, "राहू दे इथेच. पुढच्या वर्षीची सोय झाली!"