दाब म्हटलं की दाबायचं

धुण्याच्या पावडरीची दोन मजली टाकी सकाळी नऊलाच तुंबली आणि फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी अशा वेळी फोरमन घण घेऊन यायचे आणि टाकीला बडव बडव बडवायचे. पत्र्याला पोचे पडले, पण फोरमनची हौस काही फिटली नाही. शेवटी फिटरने अर्जांवर अर्ज करून टाकीला हवेची तोफ बसवून घेतली. बटण दाबलं की कोंडलेली हवा धाडकन आत सुटणार आणि अडलेला माल खाली येणार. आज तिची पहिली परीक्षा, तीही नेमकी मोठ्या साहेबांसमोर. तोफ फुसकी निघाली तर ती भंगारात जाणार आणि फिटर पुन्हा घणाच्या राज्यात.

"फुंकर घालून टाकी मोकळी होतीय होय? तोंड बघा!" फोरमन घण कुरवाळत म्हणाले.

बटणाच्या खोलीत फिटरचा मेहुणा बसला होता. आज्ञाधारक, पण डोक्याने बेताचाच. फिटरने त्याला वॉकीटॉकीवर बजावलं, "मी 'दाब' म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आणि म्हटलं की मागेपुढे बघायचं नाही."

"बरं, दाजी."

माल कुठे अडलाय ते बघायला फिटरने खालचं झाकण उघडलं. साहेबही हौसेने वाकले. आता हवा पुरेशी भरली का, ते मेहुण्याला वॉकीटॉकीवर विचारायचं राहिलं होतं. एरवी फिटर सरळ 'प्रेशर' म्हणाला असता. पण कारखान्यात शुद्ध मराठीच बोलायची, असा फतवा याच साहेबांनी गेल्या आठवड्यात काढला होता.

"दाब..." फिटरने सुरुवात केली. 'किती आहे' हे शब्द तोंडातच राहिले.

धाडकन! साहेब नखशिखांत पांढरे झाले आणि शेजारच्या स्टुलावर मटकन बसले. कारखान्याचे डॉक्टर धावत आले, त्यांनी साहेबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. इकडे मेहुण्याला झापायला फिटरने वॉकीटॉकीचं बटण धरलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर चिंतेने म्हणाले, "दाब वाढलाय."

धाडकन! आता डॉक्टरही पांढरे.

पुढे पुढे करायची सवय असलेल्या फोरमननी पाण्याची नळी आणून साहेबांवर धरली. पावडर धुण्याची, त्यात पाणी! कमरेएवढा फेस झाला. त्या फेसातून साहेबांनी टाकीत डोकावलं आणि एकदम खुलले.

"अरे, मोकळी झाली की! कल्पना कुणाची ही?"

फिटरने तोंड उघडलं, पण बाहेर आले ते नुसते बुडबुडे.

"माझीच, साहेब," फोरमननी घण पाठीमागे लपवला.

साहेबांनी त्यांची पाठ थोपटली आणि ते डॉक्टरांना घेऊन कपडे बदलायला गेले. फोरमन झाकणासमोर ऐटीत उभे राहिले. "बघ, कशी मोकळी केली माझ्या तोफेने!"

फिटरच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने तोंडावरचा फेस पुसला, वॉकीटॉकी ओठांशी नेला आणि अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाला, "दाब."

या वेळी धाडकन झालं नाही. मेहुणा दोनदा पोळला होता.

"दाजी, विचारताय का सांगताय?"

फिटरने फोरमनकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"सांगतोय."