पास्कल अंकलची ठेंगणी गाडी

रस्त्यात नवी गाडी दिसली की माणसं तिचा रंग बघतात, नंबर बघतात, फार तर आत कोण बसलंय ते बघतात. पास्कल अंकल गाडीशेजारी पालथे पडायचे. भरदिवसा, बोरिवलीच्या बाजारात, पांढऱ्या शर्टासकट! गाल जमिनीला लावून खालून पलीकडचं किती दिसतंय ते बघायचे आणि उठून निकाल द्यायचे, "लय उंच हाय. गाडीने कसं, जमिनीशी बोललं पायजे!"

आमची बिल्डिंग गावठाणाला लागून होती आणि आमच्या गॅलरीसमोरच अंकलचं कौलारू घर. दारात त्यांच्या वडिलांच्या वेळची अमेरिकन पिकअप. हिरवी, गोल गोल मडगार्डांची. आठवडाभर ती वाडीतली वांगी नि मुळे बाजारात न्यायची आणि रविवारी धुऊनपुसून अंकल आणि रोझी आंटीला चर्चला न्यायची.

तेव्हा घराघरांत रंगीत टीव्ही येत होते. आमच्या आसपास जो तो मजले चढवत होता. अंकलनी मात्र गाडी खाली आणायला काढली.

या गाडीचा सगळा भार चाकांजवळच्या कमानींवर असतो. एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या कमानी. त्यातला एकेक पाटा अंकल काढवून घेऊ लागले. अंधेरीहून आलेला मिस्त्री हात जोडून म्हणाला, "अंकल, ये ट्रक है, चटाई नहीं!" अंकलनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "और एक निकाल."

गावठाणात चर्चेला ऊत आला. कोणी म्हणालं, मढच्या बंगल्यात शूटिंग आहे, तिथे गाडी भाड्याने द्यायचीय. कोणी म्हणालं, साठी आल्यावर असली फॅशन सुचतेच. गॅलरीतून बघता बघता माझी आई म्हणाली, "ह्या माणसाक झालाहा तरी काय?" गाडीत आता चार गोण्या टाकल्या तरी टायर मडगार्डला घासायचे. वांगी हातगाडीवरून जाऊ लागली आणि अंकल तिच्यामागून चालत.

खरं कारण मला एका सकाळी कळलं. अंकल हातात वेताची काठी घेऊन आपल्याच ओटीची पायरी मोजत होते. मग तीच काठी त्यांनी गाडीच्या फूटबोर्डला लावली, मान हलवली आणि मिस्त्रीला निरोप धाडला.

आदल्या नाताळात रोझी आंटींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात सुधारला, पाय काही पुरता सुधारला नाही. काठी टेकत त्या ओटीची पायरी कशीबशी चढायच्या, पण गाडीत चढायला दोघांनी उचलावं लागायचं. एका रविवारी तसं उचललं, तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलं आणि समोरच्या पोरी हसल्या. त्या दिवसापासून आंटींचं चर्च बंद. "मी काय मुळ्याची जुडी हाय? मना उचलून गाडीत घालायचं नाय." अंकलनी रिक्षाही आणून बघितली. तर म्हणाल्या, "लग्न करून ज्या गाडीतून आले, तिच्यातूनच जाईन." दुसऱ्याच दिवशी अंधेरीहून मिस्त्री आला.

चर्चची फेस्त आली, म्हणजे वर्षाची जत्राच. सकाळीच गाडी ओटीला लावली होती. आंटी लाल लुगडं नेसून, केसांत अबोली माळून बाहेर आल्या. सगळं गावठाण काहीतरी काम काढून रस्त्यावर उभं. अंकलनी हात पुढे केला नाही. ते बाजूला उभे राहून पॅन्टवरची न लागलेली धूळ झटकत होते. आंटी आधी सीटवर टेकल्या, मग हाताने तो पाय उचलून आत घेतला आणि दार धाडकन लावलं. माझ्या आईने डोळ्याला पदर लावला.

गाडी निघाली, मागोमाग आम्ही सगळे आणि आपलं काम बघायला आलेला मिस्त्री, ती नाल्यावरच्या पुलाशी अडली. पुलाला मधोमध उंचवटा. गाडीचं पोट त्याला टेकलं. जमिनीशी बोलली म्हणायची! तिघाचौघांनी पुढे होऊन आंटींना उतरवायचा सूर लावला.

"तिला कोण हात लावतंय बघू!" अंकल गरजले आणि स्वतः खाली उतरले. दोन माणसांचं वजन एकट्या अंकलचं. ते उतरताच गाडी वीतभर वर आली. पण आता स्टिअरिंग कोण धरणार?

आंटी सीटवरून सरकत सरकत उजवीकडे गेल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरलं. आंटी बुटक्या, ब्रेकला पाय पोचत नव्हता, म्हणून मी आणि मिस्त्री पलीकडे दगड घेऊन उभे राहिलो. मागून अंकल ढकलत होते, घामाने निथळत.

"सरळ धर गो रोझी!"

"तू ढकल नीट! मना नको शिकवूस."

गाडी पुलापार झाली, आम्ही चाकांखाली दगड सरकवले. अंकल धापा टाकत दाराशी आले, तरी आंटी काही जागेवरून हलेनात. चर्च जेमतेम हाकेवर होतं.

"सरक ना गो."

"थांब जरा," आंटी चाकावरून हात फिरवत म्हणाल्या, "अजून थोडी चालवू दे."

अंकलनी एकदा चर्चकडे बघितलं, शर्टाच्या बाह्या आणखी वर केल्या आणि पुन्हा गाडीच्या मागे गेले.