गुरुवार, दोन ते पाच

नवरा आपणहून कपडे धुवायला निघाला तर बायकोनं आनंद मानावा की धसका घ्यावा, हे चौतीस वर्षांच्या संसारानंतरही मायकेन हेलग्रेनला ठरवता येईना. ऑगस्टातल्या एका सकाळी तिच्या नवऱ्यानं, सिक्स्टननं, पावावर चीज ठेवता ठेवता जाहीर केलं, "यापुढं धुणं माझ्याकडं."

"का?" मायकेननं विचारलं.

"का म्हणजे? इतकी वर्षं तू धुतलंस. आता मी रिकामाच आहे."

"लोकरीचं किती गरम पाण्यात टाकतात?"

"मशीनवर लिहिलेलं असेल की."

"नसतं."

"मग विचारीन कुणाला तरी."

हे 'कुणाला तरी' मायकेननं तिथल्या तिथं मनात टाचून ठेवलं.

सिक्स्टननं एकतीस वर्षं नॉर्शोपिंग शहरात ट्राम चालवली आणि ईस्टरला तो निवृत्त झाला. तेव्हापासून तो घरातल्या घरात ट्रामसारखा फिरायचा, म्हणजे प्रत्येक कपाटापाशी थांबायचा, दार उघडायचा, आत बघायचा आणि पुढं जायचा. पेपरातले मथळे मोठ्यानं वाचायचा. मायकेन चुलीपाशी असली की मागं येऊन उभा राहायचा आणि कळवायचा, "बटाटे उकळतायत." हे तिला गेली चाळीसेक वर्षं कुणी कळवलं नव्हतं, आणि तरी बटाटे शिजत आले होते.

धुण्याची खोली आमच्या इमारतीच्या तळघरात. सतरा बिऱ्हाडांत मिळून दोन मशीन, एक वाळवण्याची गरम खोली आणि दाराशी एक लाकडी फळा. फळ्यावर वार आणि तासांची भोकं. प्रत्येक घराचं नंबर घातलेलं छोटं कुलूप असतं; ते ज्या भोकात लावाल ती वेळ तुमची. दुसऱ्याच्या वेळेत पाऊल टाकणाऱ्या माणसाला इथं चोरापेक्षा खालची जागा आहे. अर्थात तोंडावर कुणी काही बोलत नाही. आमच्याकडं भांडण चिठ्ठी लावून करतात.

सिक्स्टननं कुलूप लावलं गुरुवारी, दोन ते पाच.

पहिल्या गुरुवारी तो टोपली घेऊन खाली गेला आणि घरात जी शांतता झाली ती मायकेननं अर्धं मिनिट उभ्यानंच ऐकली. मग ती स्वयंपाकघरातल्या लांब बाकावर आडवी झाली, पाय भिंतीला टेकवून वर केले, आणि खारट ज्येष्ठमधाची एक गोळी तोंडात टाकली. एकामागून एक अशा अकरा गोळ्या झाल्या. बटाट्यांबद्दल कुणी काही बोललं नाही. पाच वाजता जिन्यात पावलं वाजली तेव्हा ती उठून ओटा पुसत होती.

संशयाचं म्हणाल तर त्याला दुसऱ्याच गुरुवारी सुरुवात झाली. टेबलक्लॉथवर लिंगनबेरीच्या जॅमचा डाग होता, बशीएवढा. कपडे घड्या होऊन वर आले आणि डाग जिथल्या तिथं.

"डाग गेला नाही रे."

"हट्टी आहे," सिक्स्टन म्हणाला आणि पेपर उघडला.

मायकेननं टेबलक्लॉथ नाकाशी नेला. त्याला साबणाचा वास येत नव्हता. वेलदोड्याचा येत होता. घडी उलगडली तर आतून पावाचा चुरा पडला. मायकेन जन्मभर दालचिनीचे गोड पाव करत आली. तिच्या घरात वेलदोड्याची पूडसुद्धा नव्हती. अख्ख्या इमारतीत वेलदोड्याचे पाव करणारी एकच बाई, दुसऱ्या मजल्यावरची आल्फहिल्ड नोर्दीन. विधवा. रिकाम्या बाटल्या टाकायला जातानासुद्धा लिपस्टिक लावणारी.

पुढं पुढं तर पुरावे चालत येऊ लागले. सिक्स्टन गुरुवारी जेवणानंतर केस विंचरायचा. थर्मासबरोबर दोन कप जायचे आणि दोन्ही कप उष्टे परत यायचे. तो गुणगुणायचाही, आणि हा माणूस स्वतःच्या लग्नातही गुणगुणला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं ना. पण विचारलं असतं तर गुरुवार संपला असता. संशय होता, पण बाकही होता. म्हणून मायकेन अंगावरचे कपडे बुधवारी न्हाणीघरात दार लावून हातानं धुवायची, गुपचूप वाळवायची, आणि गुरुवारी पाय वर करून, गोळी चघळत, नवऱ्याचा मनापासून संशय घ्यायची.

सप्टेंबरात फळ्याशेजारी चिठ्ठी लागली. 'गुरुवारी दुपारी या खोलीतल्या पाण्याच्या मीटरचा काटा हलत नाही. वेळ अडवून जो धूत नाही त्यानं लाज बाळगावी. मी छडा लावीन. फोल्के ब्रांडीन, अध्यक्ष.' खाली आल्फहिल्डच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'शाब्बास!'

फोल्के म्हणजे आमच्या सोसायटीचा एकटा राहणारा, काठीसारखा ताठ अध्यक्ष. छडा लावीन म्हणाला की लावणारच. म्हणजे आता आपला बाक गेला, असं मायकेननं धरूनच टाकलं. पण दोन आठवड्यांनी चिठ्ठीच गायब. फोल्केनं पंधरा वर्षांपूर्वी सायकलींबद्दल लावलेली चिठ्ठी अजून पिवळी होऊन लटकतेय, आणि ही मात्र काढली? मायकेनच्या मनात पाल चुकचुकली. कुठंतरी पाणी मुरत होतं, फक्त मीटरवर दिसत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सिक्स्टन टोपली घेऊन बाहेर पडला, आणि बाकाकडं जाता जाता मायकेनची नजर दिवाणखान्यातल्या सोफ्यावर गेली. तिनं स्वतः भरतकाम केलेली उशी जागेवर नव्हती.

ती आडवी झाली. गोळी तोंडात टाकली. गोळी कडू लागली. कप समजू शकतो, चुरा समजू शकतो, पण कपडे धुवायला उशी लागत नाही. ती उशी तिनं लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात भरली होती. तिला एकदम रडूच आलं, आणि ते पाय वर असल्यामुळं कानात गेलं. मग मात्र ती उठली.

एकटीनं जाण्यात अर्थ नव्हता, साक्षीदार हवा. तिनं अध्यक्षांची बेल वाजवली. दार उघडलं नाही. मग वर जाऊन आल्फहिल्डची बेल वाजवली. घरात असेल तर निदान तो घोर मिटला असता. तिथंही कुणी नाही.

"म्हणजे आहेच," मायकेन जिन्याला म्हणाली.

तळघराच्या दाराला आतून कडी होती. तिनं कान लावला. मशीनचा आवाज नाही, पाण्याचा नाही. मग आतून कुणीतरी हसलं, हळूच, पोट भरलेल्या माणसासारखं. चौतीस वर्षं एका माणसाच्या हातचा कॉफीचा कप घेतला, आणि आता तो तळघरात कुणाला तरी कप भरून देतोय.

धुण्याच्या खोलीला अंगणाच्या बाजूनं जमिनीलगत एक आडवी खिडकी आहे. साडेतीन वाजले होते, अंधारून आलं होतं आणि आत दिवा होता. मायकेन घरातल्या गाउनवरच ओल्या पानांत पालथी झाली. काच बाहेरून मळलेली होती. वरचं काही दिसत नव्हतं, फक्त खाली, वाळवण्याच्या खोलीच्या उघड्या दारापाशी, उबेला पसरलेले पाय. चार पाय. राखाडी मोजे तिनं स्वतः विणलेले. शेजारचे मोजे निळे.

"मायकेन! अगं पडलीस की काय?"

मायकेननं मान वळवली. मागं आल्फहिल्ड उभी होती, रिकाम्या बाटल्यांची पिशवी हातात, लिपस्टिक ओठांवर.

"तू इथं?" मायकेन म्हणाली.

"मग कुठं असायला हवी होते?"

"आत."

"आत काय आहे?" असं म्हणत आल्फहिल्डही पिशवी ठेवून शेजारी पालथी झाली. आमच्याकडच्या बायका चौकशी फार करत नाहीत, पण बघायला मिळत असेल तर सोडत नाहीत.

"ते राखाडी माझ्या सिक्स्टनचे," मायकेन दबक्या आवाजात म्हणाली. "निळे कुणाचे?"

"बाईचे?"

"बाईचेच असणार. तिच्यासाठी उशी नेलीय त्यानं."

आल्फहिल्डनं काच बाहीनं पुसली आणि डोळे बारीक केले. "अगं, पंचेचाळीस नंबरचं पाऊल आहे ते. अशी बाई असेल तर सिक्स्टनलाच पोलिसांची गरज पडेल." मग ती जरा थांबली. "आणि टेबलावर काय आहे ते? ते तर... ते माझे पाव आहेत!"

"तुझेच आहेत. गेले तीन महिने तुझेच आहेत. म्हणून तर मी तुझ्यावर—"

"माझ्यावर? सिक्स्टनसाठी?" आल्फहिल्डला इतकं हसू आलं की मायकेनला जरा अपमानच वाटला. मग आल्फहिल्डचं हसू एकदम थांबलं. "पण मी ते पाव दुसऱ्याच कुणाच्या तरी दाराला अडकवते."

तिनं बाटलीनं खिडकीवर टकटक केली. चारही पाय दचकून आत ओढले गेले.

दार उघडलं ते अध्यक्षांनी. पायांत निळे मोजे, पोटावर पेपर, गालावर उशीच्या भरतकामाची फुलं उमटलेली. मागं बागेतल्या घडीच्या खुर्चीत सिक्स्टन.

"तपासणी चालू आहे," फोल्के म्हणाला.

"किती वेळ?" मायकेननं विचारलं.

"सहावा आठवडा." त्यानं घसा साफ केला. "कसून चालली आहे."

"आणि छडा?"

"लागला ना. पहिल्याच गुरुवारी. मी जाब विचारायला आलो, तर यांनी म्हटलं, बसा. इथं ऊब असते, मायकेन. घरी दर अर्ध्या तासानं माझी बेल वाजते. कुणाचा नळ, कुणाची सायकल, कुणाच्या कुत्र्याचे केस. इथं मला कुणी शोधत नाही."

"सगळ्यात जास्त बेल कोण वाजवतं?" सिक्स्टननं मागून विचारलं.

फोल्केनं आल्फहिल्डकडं बघितलं आणि चटकन छताकडं बघितलं.

"आणि पाव?" आल्फहिल्डनं टेबलाकडं बोट दाखवलं. "मी पहाटे उठून केलेले पाव तुम्ही ट्रामवाल्याला खायला घालता?"

"ते तुमचे होते?" फोल्के खरंच चकित झाला. "पिशवीला चिठ्ठी नव्हती! आधी तर मी ती इथं, सापडलेल्या वस्तूंच्या फळीवर ठेवायचो."

त्या दोघांना तिथंच सोडून मायकेन सिक्स्टनसमोर उभी राहिली. गाउनला पानं चिकटलेली, गुडघे ओले. "तुला घर एवढं नकोसं झालंय?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुला कुणीतरी भेटलंय. मी तीन महिने मनातल्या मनात एकटीच चघळत होते."

"काय चघळत होतीस?"

"गोळ्या. पण ते सोड."

सिक्स्टन खुर्चीतून उठला. हातातल्या टोपीकडं बघत म्हणाला, "मे महिन्यात दातांच्या डॉक्टरकडं गेलो होतो, आठवतं? त्यांनी परत पाठवलं, मी लवकर आलो. तू बाकावर पाय वर करून पडली होतीस. असा चेहरा तुझा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. आणि मला बघितल्याबरोबर उठून ओटा पुसायला लागलीस. ओटा स्वच्छच होता."

मायकेननं गाउनला चिकटलेलं एक पान काढलं.

"म्हटलं, आठवड्यातून एकदा तरी आपण घराबाहेर असावं. पण जायचं कुठं? वाचनालयात खोकलं तरी माना वळतात, आणि ट्राममध्ये बसलं की नवा ड्रायव्हर ब्रेक चुकीचा मारतो ते बघवत नाही. ही खोली फुकट होती. वेळ लावली की कुणी उठवत नाही."

"मग धुतलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी प्रयत्न केला. लोकर किती गरम पाण्यात, ते आठवेना. आणि तुला विचारायला वर आलो असतो, तर तू उठली असतीस."

मायकेननं त्याच्या हातातली टोपी घेतली, झटकली, आणि परत दिली. तिला हसायचं होतं की रडायचं, ते तिथं चौघांत ठरवणं शक्य नव्हतं. "उशी वर आण जाताना," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारच्या आत फळ्यावर चिठ्ठी लागली: 'गुरुवारी दोन ते पाच मशीनची देखभाल. कुणीही दार वाजवू नये. अध्यक्ष.' आणि अध्यक्षांच्या दाराला अडकवलेल्या पिशवीला त्या आठवड्यापासून चिठ्ठी असे. तीत काय लिहिलं होतं ते फोल्केनं कुणाला सांगितलं नाही, पण ती चिठ्ठी त्यानं फळ्यावरही लावली नाही, हे सगळ्यांनी नोंदवून ठेवलं.

मायकेननं सोमवारी सकाळची वेळ धरली आणि घरातलं झाडून सगळं धुतलं. डागसुद्धा गेला. गुरुवारी दोन वाजता तिनं टोपली भरून दाराशी ठेवली. वर उशी ठेवली. सिक्स्टननं खाली हात घालून बघितलं.

"अगं, हे तर धुतलेलंच आहे. इस्त्रीसुद्धा केलीयस."

"मग? परत धू. तुझ्या हातचं धुणं जरा वेगळं निघतं."

सिक्स्टननं टोपली उचलली. दारात तो थांबला. काहीतरी मोठं द्यावं तसं त्यानं विचारलं, "तूही चल ना खाली. तिसरी खुर्ची आल्फहिल्डनं धरलीय, पण चौथी आहे."

"मी?" मायकेन म्हणाली. तिची पावलं आधीच बाकाकडं वळली होती. "गुरुवारी मला कुठं वेळ असतो?"