टेल्युरियम आणि बदलीचा अर्ज

रसायनशास्त्राचे सर वर्गात छाती फुगवून सांगत, "ऑक्सिजनच्या घराण्याची कुंडली मला तोंडपाठ आहे." थोरला ऑक्सिजन सज्जन, हायड्रोजनशी संसार थाटला की पाणी देतो. धाकटे मात्र एकेक नग! गंधकाने तोच संसार थाटला की सडक्या अंड्यांचा वास, सेलेनियमचा त्याहून वाईट, आणि टेल्युरियमचं तर नावच काढू नका.

नेमका त्यानेच सरांचा घात केला. सरांची बायको दूरच्या शहरात परिचारिका. कित्येक महिन्यांनी ती चार दिवसांसाठी येणार होती. सरांनी पडदे धुतले, तिची खुर्ची खिडकीशी ओढली, आणि त्याच घाईगडबडीत सकाळी प्रयोगशाळेत सांडलेली टेल्युरियमची पूड हातमोजे न घालताच पुसली. चिमूटभरच ती! पण ती अंगात गेली की श्वासातून, घामातून आठवडेच्या आठवडे लसणीचा उग्र वास सुटतो. सर हे दरवर्षी शिकवत.

दुपारी शिपाई लांबूनच बोलू लागला. बसमध्ये शेजारची जागा रिकामी झाली, मग मागचीही. स्थानकावर बायको हसत समोर आली, तसे सर तिची बॅग उचलून झपाझप पुढे निघाले. घरी ती खिडकीशी, हे पार दाराशी, तोंडावर रुमाल. इतके महिने जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तिच्या शेजारी बसायची चोरी झाली होती.

तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिने विचारलंच, "मी इकडे बदलीसाठी अर्ज करणार होते. नको का करू?"

 भिंतीकडे तोंड करून सरांनी सगळं सांगून टाकलं. ती उठली, शेजारी येऊन बसली, नाक दाबलं, मग सोडलं.

"चला," ती म्हणाली, "मी परत गेल्यावर इथे कोणी फिरकायचं नाही, ही तरी काळजी मिटली."

चारही दिवस ती अशीच खेटून बसली. मग गेली, आणि घर खायला उठलं.

बऱ्याच आठवड्यांनी शिपाई पुन्हा जवळ येऊन बोलू लागला. संध्याकाळी फोनवर तिने विचारलं, "गेला का हो वास?"

"गेला," सर म्हणाले, आणि त्यांना उगाचच वाईट वाटलं.

"माझ्या शालीला अजून आहे. धुतलीच नाही मी."

 सरांनी भीत भीत अर्जाचं विचारलं.

"माझा अडकलाय," ती म्हणाली. "माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या परिचारिकेचा खोलीबदलीचा मात्र लगेच मंजूर झाला. कारण लिहिलं होतं, शालीचा वास."