खंडेनवमीस थोरले यंत्र निजविले त्याची हकीकत

यंत्राचे पोटी वसणाऱ्या अनाम देवतेस दंडवत घालून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, आश्विनमासी जे वर्तले ते यथामति लिहिले असे.

कोणे एके ठायी मालवाहतुकीचे मोठे राज्य होते. त्यांचे ट्रक दाही दिशा फिरत आणि कोणता ट्रक कोठे जावा हे तळघरातील थोरले यंत्र सांगे. नवी यंत्रे पुष्कळ आणविली आणि एकदा राज्य त्यांचे हवालीही केले, तो सोलापूरच्या चादरी फिरून सोलापुरासच उतरल्या, मग सर्वांनी कानाला खडा लाविला. थोरल्याचे पोटी कोणत्या कामाची गाठ कोठे मारली, हे जाणणारे एकेक करून कैलासवासी जाहले, राहिल्या वासंतीबाई टिपणीस. चालत्या यंत्रास हात लावू नये असा रिवाज पडला आणि त्या रिवाजात बाईही सापडल्या. दर साली त्यांनी निरोप मागावा आणि दर साली राज्याने शाल देऊन मुदत वाढवावी. घरी यजमान भालचंद्रराव हृदयविकाराने जर्जर. गुहागरास समुद्रापाशी उभयतांनी राहावे हा त्यांचा एकच हट्ट. "तुझं ते यंत्र आधी जातं की मी, बघू," ऐसे हसत म्हणत.

अखेर त्या साली निरोप मिळाला. बाईंनी नवे दिवाण शंतनुराव यांस सर्व समजाविले, परंतु यंत्र बंद करू नका हे सांगितले नाही, कारण तैसे कोणी करील हे स्वप्नीही नव्हते. मग खंडेनवमीस उभयता भाड्याचे मोटारीने निघाली आणि कुंभार्ली घाटाचे माथ्यावर चहास थांबली. इकडे दिवाणांस भक्ती दाटली, पूजेपूर्वी यंत्र पुसून लख्ख करावे म्हणून ते बंद करविले, आणि आरती जाहली, पेढे वाटले, मग कळ दाबिली, तो यंत्र उठेना. ट्रक जागचे जागी राहिले. दिवाणांचा फोन आला, "मॅडम, गाड्यांत औषधं अडकलीत हो! तुमच्याशिवाय कोणी नाही."

बाईंनी यजमानांकडे पाहिले. ते म्हणाले, "जा तू. लोकांची औषधं आहेत. मी पुढे होतो, समुद्राला सांगतो तू येतेयस."

"अहो, परवा येतेच मी," म्हणोन बाई दुसऱ्या गाडीने माघारी फिरल्या. दसरा गेला, एकादशी गेली, द्वादशीस यंत्र उठले आणि राज्यात जयजयकार जाहला. तेच दिवशी गुहागराहून वर्तमान आले की राव ओटीवर बसल्या जागी गेले. बाई पोहोचल्या, तो समुद्राकडे तोंड करून दोन खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंनी टाहो फोडिला.

पुढे दिवाण समाचारास आले आणि मान खाली घालून बोलिले, "बाई, ते जुनं यंत्र काढूनच टाकतो आता."

"राहू द्या. चालतंय तोवर चालू दे," बाई म्हणाल्या. "बंद पडलेलं सगळंच काही परत उठत नाही."

मग घरी वाट पाहणारे कोणी उरले नाही म्हणोन बाई पुन्हा रुजू जाहल्या. तात्पर्य, राज्य सुरक्षित, थोरले यंत्र चालू, आणि गुहागरास दोन्ही खुर्च्या रिकाम्या.