बुडत्या नावेची नियमावली

गोंदियात शालीकराम सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये २०११ साली 'एम्युलेटर संवर्धन मंडळ' स्थापन झालं. कार्य थोर होतं. पूर्वी टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळत, ती यंत्रं मोडली. कॅसेटी मात्र घरोघरी पडून राहिल्या. ते गेम कॉम्प्युटरवर चालावेत म्हणून जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लिहायचा, हे मंडळाचं काम. प्रोग्राम अजून अर्धवट होता. तो कसा लिहावा याची एकेचाळीस पानी नियमावली मात्र पूर्ण होऊन तिला स्पायरल बाइंडिंगही झालं होतं.

सौंदडचा बुद्धभूषण मंडळाचा बिनपगारी सभासद. त्याला नागपूरच्या एका कंपनीनं सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं. अट एकच: एखाद्या प्रकल्पात मंजूर झालेलं स्वतःचं काम दाखवायचं.

काम त्याच्याकडे तयार होतं. मंडळाच्या प्रोग्राममध्ये नावेचा गेम तिसऱ्या धबधब्याशी आला की नाव बुडायची. खेळणारा कितीही तरबेज असो, बुडायचीच. बुद्धभूषणनं लहानपणी तो गेम खेळून खेळून बटणं गुळगुळीत केली होती. त्याला ठाऊक होतं की मूळ यंत्र धबधब्यापाशी किंचित अडखळायचं आणि तेवढ्यात नाव वळवायला सवड मिळायची. ते यंत्राचं व्यंगच. पण गेम रचणाऱ्यानं ते धरूनच गेम रचला होता. बुद्धभूषणनं चार ओळी लिहून नकली यंत्रालाही अडखळायला शिकवलं. नाव तरली. बुधवारी त्यानं ओळी मंडळाकडे पाठवल्या.

गुरुवारी त्या परत आल्या. शेरा होता: 'ओळीच्या आरंभी टॅब आढळला. कलम चारप्रमाणे चार स्पेस द्याव्यात.' दिल्या. सायंकाळी पुन्हा परत. महिरपी कंस ओळीच्या शेवटी बसला होता. कलम नऊप्रमाणे त्याला स्वतंत्र ओळ हवी. दिली. शुक्रवारी कळलं की ओळींतल्या आकड्यांना त्यानं दिलेली नावं फार आखूड आहेत. लांब नावं दिली, तर ओळ ऐंशी अक्षरांपलीकडे गेली आणि कलम बाराचा भंग झाला. दोन्ही कलमं एकाच वेळी का पाळता येत नाहीत, याचा मंडळानं त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला.

"काऊन रे, चार ओळींसाठी इतके दिवस?" धानाच्या रोवणीहून आलेल्या त्याच्या आईनं, कुसुमबाईनं पाय धुता धुता विचारलं.

"ओळी सरळ नाही म्हणते मंडळ, माय."

"आमचा मुकादमही दोरी लावून पाह्यते. पण धान लावून राहिलो का गवत, तेही पाह्यते बापा तो."

शनिवारी बुद्धभूषण गाडी पकडून गोंदियाला गेला.

"सर, एकदा खेळून तं पाहा."

सरांनी खेळून पाहिलं. नाव बुडाली. मग बुद्धभूषणच्या ओळी घालून खेळले. नाव तरली. सर खुर्चीत मागं रेलले.

"तरते ना. आम्ही कधी म्हटलं तरत नाही? पण तू यंत्राले मुद्दाम चुकवून राहिला. कलम सतरा पाहा. जानबूझकर गलती, मनाई आहे."

"जुनं यंत्र चुकत होतं, सर. नक्कल करायची तं चुकीचीही करा लागते."

"नक्कल करू. सुधारून करू."

"मग नाव बुडते."

"बुडते. पण नियमात बुडते ना भाऊ."

शेजारच्या टेबलावर मंडळाची तपासनीस रुची बसली होती. तिनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "दादा, सोमवारी तुम्हाला काय दाखवायचं आहे? नाव, की मंजुरी?"

बुद्धभूषणनं नावेचा गेम बंद केला.

"मंजुरी असेल तर त्या चार ओळी काढा. बाकी राहू द्या."

बाकी म्हणजे माथ्यावर तारीख, उद्देश, लेखकाचं नाव आणि नियमानुसार सोडलेल्या मोकळ्या जागा. बुद्धभूषणनं ओळी पुसल्या. मंजुरी अकरा मिनिटांत आली. 'आदर्श नमुना' म्हणून ते पान नियमावलीला परिशिष्ट म्हणून जोडण्यात आलं.

नागपुरात साहेबांनी ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. हे काय करतं, असं कोणी विचारलं नाही. "फार स्वच्छ काम आहे," साहेब म्हणाले आणि त्याला इतरांच्या ओळी तपासायला नेमलं. ही कंपनी सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्यांवर चालणारे प्रोग्राम बनवायची.

दुसऱ्याच आठवड्यात कंपनीसाठी ओळी लिहिणाऱ्या आमगावच्या केवलरामनं पाठवलेलं काम त्याच्यापुढे आलं. खिडकीवरचा कॉम्प्युटर अर्ज घेता घेता अडकू नये म्हणून त्यानं सहा ओळी लिहिल्या होत्या. त्या बरोबर आहेत हे बुद्धभूषणला एका नजरेत कळलं. त्यानं डोळे चोळले, पुन्हा वाचलं आणि शेरा लिहिला: 'अखेरीस एक मोकळी ओळ जास्त सुटली आहे. परत.'

ती खिडकी परवा तुमच्यासमोरच अडकली होती. त्यापायी रांगेत तुमच्या पुढच्या म्हाताऱ्याचा अर्ज परत आला, तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "बाबा, नीट भरून आणायचा ना." त्यानं अर्जात काय मागितलं होतं, ते तुम्हीही वाचलं नव्हतं.