हिरव्या मुलखातील भिंतींच्या भोकांची हकीकत

हुजूर, अवघा मुलूख आपण आपल्या हाताने उपाशी मारीत होतां, हे आधी लिहितो. मुजरा मागाहून करितो. श्रीसूर्यनारायण साक्ष आहेत. शके १७१२ साधारणनाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमी. मुलूख म्हणजे एका झाडाचे एक पान, आणि त्यात पेशी म्हणोन लक्षावधी घरे. घर वाढले की मधे भिंत घालून दोन करावे, परंतु दोहींस जोडणारा बारीक दोर न तोडितां त्याभोवतीच भिंत बांधावी आणि राहिलेल्या भोकातून साखर, पाणी, निरोप चालवावा, ऐसा वडिलांपासोनचा शिरस्ता. त्यांत आवडाबाई आणि त्यांच्या थोरल्या जाऊ म्हाकूबाई. एका घराची दोन जाली तेव्हां केंद्रक म्हणोन घराचा कारभारी आणि कोठार म्हाकूबाईंकडे गेले, आणि आवडाबाईंच्या वाट्यास नुसता लांब बोळ आला. मुळांकडे साखर जावी ती त्या बोळातून, आणि बाईंचे पोट चालावे ते जाऊबाईंकडील भोकांवर. मग वर्तमान आले की विषाणू म्हणोन गनीम खोटा परवाना दाखवितो, भोके रुंद करितो आणि घरोघर शिरतो. हुजुरांची गाळण उडाली आणि हुकूम सुटला की अवघी भोके चुन्याने आवळोन बुजवावी. बुजविली. गनीम ज्या घरी शिरला त्या घराने स्वतःस जाळोन घेतले आणि गनीम तेथेच मेला, तो पहिल्याच दिवशी. चुना मात्र सात दिवस तैसाच! आवडाबाई वाळत चालल्या. अखेर त्यांनी भिंतीतला दोर धरोन हिसका दिला आणि ओरडल्या, "अहो जाऊबाई, जिवंत आहां का?"

पलीकडोन आवाज आला, "आहे गे! कोठार फुटायची पाळी आली, साखर ठेवूं तरी कोठे?"

"मग द्या की इकडे!"

"हुकूम आहे ना मेला!"

"माझा बोळ सुकला तर तुमची साखर पुढे कोण नेईल, हुकूम? कारभारी तुमच्याकडे, वाटणीत अक्कलही तुमच्याकडेच गेली. मग वापरा की जराशी!"

म्हाकूबाई खदखदा हसल्या आणि उलथने घेऊन चुना खरवडूं लागल्या. भोक मोकळे जाले, साखरेचा लोट आला आणि आवडाबाई सात दिवसांचे एकदम जेवल्या. मग शेजारणीने शेजारणीस दोर हिसकोन कळविले, आणि रांगच्या रांग खरवडीत खरवडीत थेट हुजुरांच्या दारापावेतो गेली. तेथे पहिल्याच भिंतीशी हुजुरांचे निरोप नेणारे जासूद पिराजी मोहोरबंद कागद मांडीवर घेऊन बसलेले.

"पिराजीबाबा, येथे काय करितां?"

"भोके उघडण्याचा हुकूम घेऊन निघालो, त्यास सहा दिवस जाले," पिराजी बोलिले. "पण भोकच बुजले आहे, बायांनो. जाऊं कसा?"

तेव्हां जो हशा पिकला तो मुळांपर्यंत ऐकूं गेला, आणि साखरही पाठोपाठ गेली.

येणेप्रमाणे जाले ते लिहिले. दोर राखिला म्हणोन मुलूख राहिला. आता हुजुरांनी जाब द्यावा: आपलाच जासूद परत बाहेर पडेल इतके एक भोक ठेवावे, हे आपणांस का सुचले नाही?